दोन विद्यापीठं, एकच तांबेरा

सोयाबीनचं अगदी खालचं, जमिनीलगतचं एक पान तोडा. पालथं करून पांढऱ्या कागदावर हलक्या हाताने घासा. कागदावर विटकरी भुकटीचा पट्टा उमटला तर तांबेरा हा बुरशीचा रोग आलाय. पट्टा उमटला नाही तर पानावरचे डाग बहुधा दुसऱ्या कशाचे तरी आहेत. जिवाणूजन्य पुरळही पानाच्या पाठीवर येतो आणि लांबून तांबेऱ्यासारखाच दिसतो, पण त्यातून भुकटी निघत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात शेंड्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते, तिच्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. ही कागदाची परीक्षा फुकटची आहे, पण आपल्याकडे निम्म्या फवारण्या ती न करताच होतात. दुकानदाराला 'पानं पिवळी पडल्यात' एवढं सांगायचं आणि तो देईल ती बाटली घेऊन यायचं.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड हा बेळगाव जिल्ह्यातला सगळा पट्टा तांबेऱ्याच्या वाटेवर आहे. ही बुरशी जिवंत पानावरच जगते. ती मातीत राहत नाही आणि बियाण्यातूनही येत नाही, त्यामुळे बीजप्रक्रियेने तांबेरा थांबत नाही. ती वाऱ्यावर येते. पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं आणि हवा वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असली की बीजाणू रुजतो. पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याच पानावर नवे फोड उठतात आणि प्रत्येक फोड पुन्हा हवेत भुकटी सोडतो. मघा-पूर्वाची झड, ढगाळ दिवस, सकाळी उशिरापर्यंत न वाळणारं दव असं हवामान आपल्याकडे नेमकं शेंगा भरायच्या वेळेला असतं. १९९४ च्या खरिपापासून हा रोग साथीसारखा पसरायला लागला. पुढच्या वर्षांत शेतात होता तो मुख्यतः जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस ३३५. वाण उत्तम, फुटवा चांगला, तेलही चांगलं, पण तांबेऱ्यापुढे पार उघडा.

उन्हाळ्यात ही बुरशी कुठे जाते, हा प्रश्न महत्त्वाचा. कृष्णाकाठी पाण्याची सोय आहे आणि काही जण बियाण्यासाठी म्हणून उन्हाळी सोयाबीन घेतात. ते हिरवं रान म्हणजे तांबेऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत पोचवणारा पूलच. बियाण्यासाठी उन्हाळी पीक घ्यायचंच असेल तर दर आठवड्याला खालची पानं पालथी करून बघणं हा त्या पिकाचा खर्च धरावा.

आता विद्यापीठांकडे येऊ. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ १ ऑक्टोबर १९८६ चं. तिथलं कृषी महाविद्यालय मात्र १९४७ पासूनचं. बेळगाव जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. संकेश्वरला उसाचं संशोधन केंद्र आहे, म्हणून तिथल्या उसाच्या वाणांच्या नावात 'एसएनके' ही अक्षरं असतात. निपाणीला विडी तंबाखूवर काम झालं. सोयाबीनच्या तांबेऱ्यासाठी कृष्णाकाठचं उगार खुर्द हे परीक्षेचं ठिकाण ठरलं, कारण तिथे रोग आपण होऊन, भरपूर आणि जवळजवळ दरवर्षी येतो. शास्त्रज्ञांच्या भाषेत त्याला हॉटस्पॉट म्हणतात. त्याच खोऱ्यात, नदीच्या वरच्या अंगाला सांगलीजवळ कसबे डिग्रज आहे. ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र, आणि ते विद्यापीठ १९६८ चं. नदी एक, रोग एक आणि तोच प्रश्न घेऊन दोन राज्यांची दोन विद्यापीठं बसलेली. धारवाडहून वाणांची डीएसबी मालिका आली. 'डी' धारवाडचा, 'एसबी' सोयाबीनचा. डिग्रजहून केडीएस मालिका आली, तिच्यातला केडीएस ७२६ आपण फुले संगम म्हणून ओळखतो. आपल्या लोकांना धारवाडचं बियाणं कर्नाटकच्या कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मिळतं आणि राहुरीचं कागल-कोल्हापूरच्या दुकानांत. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा पदरात पाडून घ्यायला हवा.

वाण तयार होतो म्हणजे काय होतं, ते बघू. सोयाबीनचं फूल मूगदाण्यापेक्षा फार मोठं नसतं आणि ते उमलायच्या आतच स्वतःचं परागण उरकतं. म्हणून संकर करणाऱ्याला उद्या उमलणारी कळी आज गाठावी लागते. बारीक चिमट्याने कळीचं हिरवं आवरण सोलायचं, पाकळ्या एकत्र धरून उपसायच्या, आतले दहाही पुंकेसर काढायचे, पण मधलं स्त्रीकेसर दुखवायचं नाही. मग दुसऱ्या वाणाच्या फुलातला पराग त्यावर टेकवायचा आणि कळीला खुणेचा दोरा बांधायचा. हे सगळं वाकून, पावसाळी चिखलात. बऱ्याच कळ्या दोन-तीन दिवसांत गळतात. लागली तर शेंग धरते, शेंगेत एक, दोन किंवा तीन दाणे. डीएसबी २१ साठी एका बाजूला हाच आपला जेएस ३३५ होता आणि दुसऱ्या बाजूला बाहेर देशातून आणलेल्या संग्रहातला, 'ईसी' क्रमांकाचा एक तांबेरा-प्रतिकारक वाण. असे संग्रहातले वाण उत्पन्नात बहुधा अगदीच सुमार असतात. त्यांच्याकडून प्रतिकारशक्ती तेवढी घ्यायची आणि बाकीचं टाकून द्यायचं. हे टाकण्याचं कामच पाच-सहा पिढ्या चालतं.

दुसऱ्या पिढीत झाडं नाना तऱ्हेची निघतात: उंच, ठेंगणी, लवकर येणारी, रेंगाळणारी. त्यातून एकेक झाड निवडायचं, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या वर्षी त्याची एक ओळ लावायची आणि ओळीतून पुन्हा झाड निवडायचं. उगारसारख्या ठिकाणी या ओळींच्या मध्ये मुद्दाम जेएस ३३५ च्या ओळी पेरतात. त्या आधी लाल होतात आणि शेजाऱ्यांवर भुकटी टाकत राहतात. अशा शेजारातही ज्या ओळीचं पान टिकतं ती पुढे जाते. रोगाला शून्य ते नऊ असे गुण देतात. शून्य म्हणजे डागही नाही, नऊ म्हणजे पानांवर रोगाचं रान माजलेलं. त्यानंतर केंद्रावरच्या उत्पन्नाच्या चाचण्या, मग इंदूरच्या सोयाबीन संस्थेच्या देखरेखीखाली अखिल भारतीय चाचण्या. त्या एक वर्ष प्राथमिक आणि नंतर दोन वर्षं प्रगत, अशा टप्प्यांनी होतात. शेवटी १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना निघते. कळी सोलल्यापासून इथपर्यंत सहज दहा-बारा वर्षं जातात. 'विद्यापीठं करतात काय' असं विचारणाऱ्याने हा हिशेब मांडून बघावा. हे वाणाच्या बाजूने झालं. विद्यापीठांवर टीका करायला दुसऱ्या जागा भरपूर आहेत.

त्यातली पहिली जागा बियाण्याच्या साखळीत आहे, पण तिथेही दोष सगळा माणसांचा नाही. सोयाबीन एकरी तीस किलो पेरावं लागतं आणि एका क्विंटल बियाण्याचं पुढच्या हंगामात साधारण सोळा क्विंटल बियाणं होतं. भातात हाच आकडा ऐंशी धरतात. म्हणजे पैदासकार बियाणं (शास्त्रज्ञाच्या हातचं मूळ बियाणं) एक क्विंटल असेल तर एका हंगामाने पायाभूत सोळा क्विंटल आणि आणखी एका हंगामाने प्रमाणित दोनशे छप्पन्न क्विंटल. ते जेमतेम साडेआठशे एकरांना पुरतं. आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांचं सोयाबीनचं रान तेवढ्यात संपलं. वाण जाहीर झाल्याची बातमी पेपरात वाचून लगेच केंद्रात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, त्याचं कारण हे आहे.

पिशवीवरच्या खुणेच्या चिठ्ठीचा रंग बघायला शिका. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. सत्यप्रत बियाण्याची चिठ्ठी हिरवट असते. त्याला यंत्रणेचं प्रमाणपत्र नसतं, कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर ते विकते. निळ्या चिठ्ठीच्या सोयाबीनमध्ये उगवण किमान सत्तर टक्के, भौतिक शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के आणि ओलावा बारा टक्क्यांपर्यंत, असं मानक आहे. सत्तर म्हणजे शंभरातले तीस दाणे मेले तरी बियाणं कायदेशीर, हे ध्यानात ठेवा. रयत संपर्क केंद्रात सवलतीचं बियाणं घ्यायला जाताना फ्रूट्स आयडी (कर्नाटकचा शेतकरी नोंदणी क्रमांक), आधार आणि उतारा सोबत ठेवा. आयडीमध्ये सगळे सर्व्हे नंबर जोडलेले आहेत का, हे मे महिन्यातच बघून घ्या. मृगाच्या रांगेत उभं राहिल्यावर एक नंबर राहिल्याचं कळलं तर त्या दिवशी काहीच करता येत नाही. पावती जपून ठेवा, आणि पिशवीची चिठ्ठी तर पीक निघेपर्यंत. उगवणीची तक्रार चिठ्ठीशिवाय कुणी ऐकत नाही.

'प्रतिकारक' म्हणजे किती?

प्रतिकारक वाणावर तांबेरा दिसतच नाही असा एक समज आहे. डाग दिसतात, पण वेगळे. जेएस ३३५ वर ते फिकट बदामी असतात, फोड भरपूर आणि भुकटीही भरपूर. प्रतिकारक वाणावर लालसर तपकिरी, आखूड डाग, त्यात फोड थोडे आणि भुकटी नावाला. पानाने स्वतःच्या पेशी मारून बुरशीचं अन्न तोडलेलं असतं. म्हणून डाग दिसताच घाबरून पंप उचलू नका, कागदाची परीक्षा करा. पट्टा उमटत नसेल तर पान आपलं काम करतंय. मात्र चार-पाच वर्षांनी त्याच वाणावर बदामी डाग आणि जाड भुकटी दिसायला लागली तर ती गंभीर बाब आहे. बुरशीही बदलते, तिच्या नव्या जाती तयार होतात. असं पान विद्यापीठाला दाखवणं हे तुमच्या एकट्याच्या रानापुरतं काम राहत नाही.

पान न्यायचीही रीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलेलं पान धारवाडला पोचेपर्यंत सडतं आणि मग त्यावर कुठलीही बुरशी दिसते. वर्तमानपत्राच्या घडीत, पानं एकमेकांना न चिकटता, सुटी ठेवा. मर किंवा मूळकूज वाटत असेल तर झाड मुळासकट, मातीच्या ढेकळासह उपटा. सोबत कागदावर गाव, वाण, पेरणीची तारीख, डाग पहिल्यांदा कधी दिसले आणि आतापर्यंत कुठली औषधं मारली हे लिहा. शेवटची गोष्ट लपवू नका. धारवाड लांब वाटत असेल तर जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

कुठला वाण घ्यायचा हे परस्पर सांगण्यात अर्थ नाही. डीएसबी २१ साधारण नव्वद-पंच्याण्णव दिवसांत येतो, फुले संगम शंभर ते एकशे पाच दिवसांत. सोयाबीन काढून लगेच हरभरा किंवा शाळू पेरायचा असेल तर हे दहा दिवस मोलाचे. भारी रान आणि पाणी असेल तर उशिराचा वाण दाणे जास्त भरतो. आपल्या रानाचं उत्तर आपल्या रानातच मिळतं, पण त्यासाठी तुलना नीट व्हायला हवी. वरच्या पट्टीत एक वाण, खालच्या भिजक्या पट्टीत दुसरा, आणि खालचा जास्त पिकला म्हणून तो चांगला, ही तुलना वाणांची झालीच नाही, पट्ट्यांची झाली. उतार वरून खाली असेल तर दोन्ही वाणांचे पट्टे उताराच्याच दिशेने, शेजारी शेजारी लावा, म्हणजे वरचं हलकं आणि खालचं भारी रान दोघांनाही सारखंच येतं. एकच जोडी लावू नका. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा अशा तीन जोड्या लावा. विद्यापीठाच्या चाचणीत तीन आवृत्त्या असतात त्या याचसाठी. खत, पेरणीचा दिवस आणि फवारणी दोघांना एकच. शेजारच्या आंब्याची सावली एकाच पट्ट्यावर पडत नाही ना, हेही बघा.

काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या दोन-दोन ओळी सोडा, त्यांना उजेड जास्त मिळतो आणि त्या खोटं बोलतात. मधल्या ओळी मोजा. कुरी (पाभर) तीस सेंटिमीटरची असेल तर सहा ओळी, पंचेचाळीसची असेल तर चार ओळी. दोन्हीची रुंदी १.८ मीटरच भरते. लांबी ५.५५ मीटर, म्हणजे सव्वा अठरा फूट घ्या. हा तुकडा दहा चौरस मीटरचा झाला. तेवढंच कापून, वेगळं बांधून, सारखंच वाळवून झोडपा आणि वजन करा. वजनाला ४.०५ ने गुणलं की एकरी क्विंटल निघतात. दोन किलो भरले तर आठ क्विंटल दहा किलो. तिन्ही जोड्यांत तोच वाण पुढे असेल तर निकाल खरा. एका जोडीत हा आणि दुसऱ्या जोडीत तो पुढे असेल तर फरक वाणाचा नाही, रानाचा आहे. जास्त पैसे देऊन कुठलं बियाणं आणायचं, याचं उत्तर एवढ्या कामात मिळतं. तराजू मात्र किराणा दुकानाचा आणा. पोतं तोलायच्या काट्यावर दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही.

पेरणीआधीचे आठ दिवस

घरचं असो की निळ्या चिठ्ठीचं, बियाणं पेरायच्या आधी शंभर दाणे उगवून बघा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं घ्या. निवडून टपोरे घेऊ नका, मूठ भरून घ्या आणि सरळ मोजा. गोणपाट भिजवून पिळा, त्यावर दहा-दहाच्या दहा रांगा मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाण्याचा शिपका मारा. गच्च भिजवलं तर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडून मोजा. मोड नुसता फुटलाय, पण मूळ आखूड, वाकडं किंवा तपकिरी आहे, असे दाणे धरू नका. ते मातीतून वर येत नाहीत. सत्तर आले तर एकरी तीस किलो पेरा. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं तेलाच्या गिरणीला द्या.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू. कार्बोक्झिन अधिक थायरमचं मिश्रण किलोला तीन ग्रॅम. खोडमाशीचा त्रास असलेल्या रानात थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला दहा मिली. मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी दहा किलोला अडीचशे ग्रॅम. तीस किलोच्या बियाण्याला प्रत्येकी तीन पाकिटं झाली. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्याएवढी नाजूक आणि अंकुर तिच्या लगेच खाली असतो. हाताने चोळलंत तर साल निघते. जास्त पाणी घातलंत तर दाणा फुगतो, सुरकुततो आणि कुरीतून फुटून पडतो. ताडपत्रीवर बी ओतून दोघांनी दोन टोकं धरायची आणि इकडून तिकडे लोळवायचं. गुळाचं पाणी शिंपडण्यापुरतंच. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पाकिटावरची मुदत बघा, आणि ते कुठे ठेवलं होतं तेही. पत्र्याखालच्या फळीवर मे महिना काढलेलं रायझोबियम मेलेलं असतं, तारीख काहीही असो. जिवाणू कामाला लागले की नाही हे पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी कळतं. चार झाडं उपटू नका, खुरप्याने खणून काढा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, काम नाही. गुलाबी गाठी भरपूर असताना वर युरिया टाकणं म्हणजे पैसे देऊन गाठी बंद पाडणं. झाड आयतं नत्र घेतं आणि माजतं, रान दाटतं, पान ओलं राहतं. तांबेऱ्याला याहून काय हवं?

पेरणी पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावर, तीन ते चार सेंटिमीटर खोल. खोल पडलेलं सोयाबीन माती फोडताना मान मोडून घेतं. पेरून झाल्यावर मोठा पाऊस आला आणि वर पापडी धरली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलका पाटा फिरवा.

फवारणीबद्दल थोडक्यात. वाण प्रतिकारक नसेल तर कागदावर पहिला पट्टा उमटला त्याच दिवशी हेक्झाकोनॅझोल ५ ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, लिटरला एक मिली. पंधरा दिवसांनी पुन्हा बघून दुसरी. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे सोळा लिटरचे साडेबारा पंप. आपल्याकडे सहा-सात पंपांत एकर उरकतात आणि 'औषधात दम नाही' म्हणतात. रोग खालच्या पानाच्या पाठीला असतो आणि औषध वरच्या पानाच्या तोंडाला बसतं. नोझल खालून वर धरा. काढणी आणि शेवटची फवारणी यांत किती दिवस सोडायचे ते बाटलीच्या लेबलवर असतं, ते वाचा.

विद्यार्थी गावात येतात तेव्हा

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला येतात. धारवाडहून येणारी बहुतेक गदग, हावेरी, बागलकोटकडची. कानडी त्यांची, मराठी आपली, आणि मधे शाळेतली पोरं दुभाषी. तांबेऱ्याला ते 'तुक्कु रोग' म्हणतात, खताला 'गोब्बर'. बीजोपचार हा शब्द दोन्हीकडे एकच, तिथून बोलणं सुरू करता येतं. पहिल्या आठवड्यात ते देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात: विहिरी, ओढा, काळं रान, माळ, ऊस कुठे, सोयाबीन कुठे. गाव कौतुकाने बघतं, फोटो निघतो आणि संध्याकाळी नकाशा पुसला जातो. वाईट वाटतं ते याचं. तो नकाशा कागदावर उतरवून पंचायतीत लावायला सांगा. पुढच्या तुकडीला त्यावरच तांबेरा पहिल्यांदा कुठे दिसला त्या तारखा लिहिता येतील. तीन-चार वर्षांच्या तारखा जमल्या की ओढ्याकाठचं कुठलं रान गावाला आधी इशारा देतं ते कळतं, आणि मग सगळ्या शिवारात हिंडायची गरज राहत नाही.

मुलांना प्रात्यक्षिक करून दाखवायचं असतंच, त्याला गुण असतात. मग ते तुमच्या बियाण्यावर, तुमच्या ताडपत्रीवर करून घ्या. दर सोमवारी ठरलेल्या पाच रानांतली पन्नास पानं पालथी करून बघणं हे काम त्यांना द्या. ते ती नोंद प्राध्यापकांना दाखवतात, आणि प्राध्यापक गावात येण्याचं ते चांगलं निमित्त ठरतं. बायकांना बैठकीला बोलवा असा आग्रहही धरा. भांगलण त्या करतात, खालचं पान रोज त्यांच्याच डोळ्यांसमोर असतं, आणि रोगाची बैठक मात्र पुरुषांची होते.

सप्टेंबरच्या सुमारास धारवाडला कृषी मेळा भरतो. गर्दी, अवजारं, भजी सगळं असतं. पण जायचं ते प्रात्यक्षिक प्लॉट बघायला, सकाळी लवकर, उन्हाच्या आधी. तिथे वाण शेजारी शेजारी उभे असतात आणि नेमका तांबेऱ्याचा हंगाम असतो. खिशात पांढरा कागद ठेवा.

आता घरच्या बियाण्याचं. सोयाबीन स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे एकदा आणलेलं प्रमाणित बियाणं नीट राखलं तर दोन-तीन वर्षं घरचं चालतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, बदली द्यायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क दिलाय. बियाण्यासाठी रानाचा मधला तुकडा ठेवा, दुसऱ्या वाणापासून तीन मीटर सोडून. फुलोऱ्यात एक फेरी मारा. जेएस ३३५ ची फुलं जांभळी, त्यात पांढरं फूल दिसलं तर ते झाड उपटा. शेंगा वाळल्यावर दुसरी फेरी मारून वेगळ्या रंगाच्या शेंगांची झाडं काढा.

उगवण मारते ती बहुधा मळणी. रोजंदारीवर आलेलं मशीन वेगाने फिरवलं की काम लवकर होतं आणि दाण्याला न दिसणारी चीर जाते. बियाण्याच्या तुकड्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला तीनशे ते चारशेच ठेवायला सांगा. मशीनवाला कुरकुर करेल, त्याला तासाचे पैसे द्या. दाण्यात ओलावा चौदा टक्क्यांच्या आसपास असताना मळावं. फार कडक वाळल्यावर दाणा फुटतो, ओला असला तर चेंगरतो. मग ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. दुपारच्या तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर घालू नका. बारा टक्क्यांखाली आलं की गोणपाटाच्या पोत्यात भरा, प्लॅस्टिकच्या नको. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि एकावर एक पाचच्या वर नकोत. खालच्या पोत्यातला दाणा वरच्या वजनाने दबतो. खताची पोती त्याच खोलीत असतील तर हलवा, मीठ आणि युरिया दोन्ही ओल ओढतात. वाण, तारीख आणि रानाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पोत्याला बांधाच, पण तशीच एक आतही टाका. बाहेरची उंदीर खातात.